बातमीदाराचा धनी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एखादी गुन्हेवार्ता घ्या. ‘गुप्त बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून पोलिसांनी सापळा रचला’ असे वाक्य तीत हमखास असते. हे वाक्य ज्याने लिहिले तोही बातमीदारच. पहिल्याचे नाव छापले गेले तर त्याच्या जिवावर बेतायचे. दुसऱ्याचे नाव मथळ्याखाली असते. पहिल्याने आणलेली बातमी एका अधिकाऱ्याच्या कानात राहते, दुसऱ्याची घरोघर जाते. शब्द मात्र दोघांना एकच, आणि वाचताना कोणाचा घोटाळाही होत नाही.

जुन्या मराठीत यांपैकी पहिला अर्थच मुख्य असावा. शिवकालीन आणि पेशवेकालीन लेखनात बातमी ‘आणतात’, ‘राखतात’, ‘काढतात’. ती आणणारा माणूस मुलूख हिंडून आलेला असतो आणि ती ऐकणारा बहुधा एकटा असतो. आज छापखान्यात आणि वाहिन्यांत रुळलेली क्रियापदे पाहिली तर त्यांत हे जुने वळण अजून दिसते. बातमी ‘काढावी’ लागते, ती ‘फुटते’, ‘लागते’, ‘दाबली’ जाते, एखादी हातून ‘सुटते’. ही सगळी भाषा लपवलेल्या वस्तूविषयीची आहे. शब्द तोच राहिला, त्याचा धनी मात्र बदलला. हा धनी केव्हा आणि कसा बदलला, एवढेच कोडे आपल्यापुढे आहे.

आधी ‘बातमी’ हा शब्दच फोडून पाहू. पहिला भाग ओळखीचा आहे. संस्कृत वार्ता, प्राकृत वत्ता, हिंदी बात. पण येथेच एक खूण सापडते. हिंदीत जेथे शब्दारंभी ‘ब’ येतो तेथे मराठी सहसा ‘व’ टिकवते. बीस पण वीस, बिजली पण वीज, बाट पण वाट. तेव्हा ‘बात’ हे मराठीच्या घरचे अपत्य नव्हे, उत्तरेकडून आलेले दिसते. जुन्या मराठीत या अर्थी ‘मात’ असा शब्द होता. संतवाङ्मयात तो गोष्ट, वार्ता या अर्थाने येतो, आणि त्याचे नाते कानडी ‘मातु’शी (बोल, शब्द) असावे. दक्षिणेची मात मागे पडली आणि उत्तरेची बात आली. ‘मातब्बर’ शब्दातल्या ‘मात’शी मात्र याचा काही संबंध नाही, तो अरबी ‘मुअतबर’, म्हणजे विश्वासार्ह.

खरी अडचण ‘मी’ या शेपटाची आहे. हिंदीत बात आहे, बातचीत आहे, बातूनी आहे, बातमी नाही. तेथे याच कामाच्या माणसाला ‘मुखबिर’ म्हणतात. तो अरबी ‘खबर’च्याच धातूतला, खबर देणारा. उलट गुजरातीत बातमी आहे, बातमीदारही आहे, पण दोन्ही गुप्तच राहिले. गुजराती बातमी म्हणजे पोलिसाला मिळालेली आतली खूण, आणि बातमीदार म्हणजे ती देणारा. वर्तमानपत्रातल्या मजकुराला गुजराती माणूस ‘समाचार’ म्हणतो. कानडीतही ‘बात्मीदार’ पोलिसांच्याच बाजूला उभा दिसतो. म्हणजे हा शब्द दख्खन आणि पश्चिम किनारा एवढ्याच टापूतला असावा, बहुधा मराठी कारभाराबरोबर तो शेजाऱ्यांकडे गेला असावा, आणि त्या शेजाऱ्यांनी त्याचा जुना अर्थ आपल्यापेक्षा नीट जपला असावा.

‘मी’ कोठून आला? सलामी, गुलामी, बदनामी असे फारसी घडणीचे ‘मी’कारान्त शब्द दरबारी मराठीत भरपूर होते, त्यांच्या सहवासाने ‘बात’ला तसा शेवट लागला, हा एक तर्क. दुसरा तर्क अधिक मोहात पाडणारा आहे. अरबीत ‘बातिन’ म्हणजे आतले, गुप्त, आणि ‘बातिनी’ म्हणजे त्याविषयीचे. बातिनी, बातनी, बातमी असा प्रवास मानला तर शब्दाचा गुप्तपणा मुळातलाच ठरतो. अर्थ इतका चपखल बसतो की संशय घ्यावा. ‘न’चा ‘म’ होण्याला समांतर उदाहरणे दाखवता आल्याशिवाय हा तर्क पदरात घेऊ नये असे मला वाटते.

‘बात’च्या मुळाशी असलेली वार्ता मात्र भक्कम जमिनीवर उभी आहे. तिचा धातू ‘वृत्’, म्हणजे वळणे, फिरणे, असणे, घडणे. या एका धातूच्या पोटी मराठीची किती प्रजा आहे! वृत्त, वृत्तांत, वृत्ती, वर्तन, वर्तणूक, वर्तुळ, प्रवृत्ती, निवृत्ती, आणि छापखान्यात रोज उच्चारली जाणारी ‘आवृत्ती’सुद्धा. पायाखालची ‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’मधून आली, तीही यांतलीच. वार्ता या शब्दाचा एक जुना अर्थ बातमीचा नाहीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चार विद्या सांगितल्या आहेत, त्यांत आन्वीक्षिकी, त्रयी आणि दंडनीती यांच्या पंक्तीला वार्ता बसली आहे, आणि तिचा विषय आहे शेती, पशुपालन आणि व्यापार. वृत्ती म्हणजे उपजीविका, आणि तिच्यासंबंधीची विद्या ती वार्ता. गावात पीक कसे आहे, बाजार काय भावाने आहे, गुरांवर रोग आला काय, हीच माणसाला हवी असलेली पहिली बातमी असावी, आणि म्हणून उपजीविकेचा शब्द खबरीकडे सरकला असावा. सिद्ध करता येणार नाही, पण बाजारभावाच्या रकान्याकडे पाहताना हे नाते मला फार खरे वाटते.

अमरकोशाने वार्ता, प्रवृत्ति, वृत्तान्त आणि उदन्त यांना एका ओळीत पर्याय म्हणून बसवले आहे. मेघदूतातला यक्ष मेघाकरवी पत्नीला आपल्या कुशलाची ‘प्रवृत्ति’च पाठवू पाहतो. ‘उदन्त’ मराठीत रुजला नाही, पण हिंदीतल्या पहिल्या वर्तमानपत्राने तो उचलला. जुगलकिशोर शुक्ल यांचा ‘उदन्त मार्तण्ड’ कलकत्त्यात ३० मे १८२६ रोजी निघाला. अमरकोशात अधिक लक्षात राहण्यासारखी गोष्ट या शब्दांच्या शेजारी आहे. वार्तेच्या लगतच आधी किंवदन्ती आणि जनश्रुति हे शब्द येतात. ‘काय बरे म्हणतात’ आणि ‘लोकांकडून ऐकलेले’ या दोघींच्या भिंतीला लागून वार्तेचे घर. कोशकाराने हे शेजार जाणूनबुजून केले असो वा नसो, ते अचूक आहे. अरबीने तर या जातीला फारच नेमके नाव दिले. ‘अफवा’ म्हणजे मूळ ‘अफवाह’, हे ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन. अफवा म्हणजे नुसती तोंडे. त्यांतल्या कोणत्या तोंडाला जबाबदार धरावे हे सांगता येत नाही. बातमीला मात्र ‘दार’ लागतो, म्हणजे ती धारण करणारा कोणीतरी असतो.

हा ‘-दार’ प्रत्यय फारसी, आणि त्याने केलेली आणखी एक करामत पाहण्यासारखी आहे. ‘खबरदार’ म्हणजे मुळात ज्याच्याकडे खबर आहे तो. ज्याला खबर आहे तो सावध असतो, म्हणून खबरदार म्हणजे सावध. आणि दुसऱ्याला सावध करायचे म्हणून मराठीत ‘खबरदार!’ हा दटावणीचा उद्गार झाला. खबरदारी आणि बेखबर यांच्यामध्ये जे अंतर आहे ते बातमी पोहोचण्या-न पोहोचण्याचे आहे.

दरबारात बातमीची वाट एकाच दिशेची होती, खालून वर. ‘अखबार’ हे ‘खबर’चे अरबी अनेकवचन, म्हणजे खबरी; आणि त्यावर पुन्हा अनेकवचनाचा ‘-आत’ लावून ‘अखबारात’ झाले. मोगल दरबारची ही अखबारात म्हणजे बादशहासमोर रोज काय घडले, कोण हजर झाला, कोणाला काय बहाल झाले, याची टिपणे. जयपूर दरबारने जपलेला त्यांचा मोठा संग्रह आता बिकानेरच्या अभिलेखागारात आहे. सेतुमाधवराव पगडी यांनी ती मराठीत आणताना पुस्तकाला ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ असे नाव दिले. आकाशवाणीवर ज्याला आपण बातमीपत्र म्हणतो त्याच शब्दात औरंगजेबाचा दरबार आला.

आपल्याकडचा याच जातीचा शब्द तर आडनाव होऊन बसला आहे. फारसी ‘वाकिआ-नवीस’ म्हणजे घडले ते लिहिणारा. त्याचा मराठी ‘वाकनीस’. शिवाजीमहाराजांच्या अष्टप्रधानांत हे पद होते. त्याला ‘मंत्री’ असे संस्कृत नाव मिळाले आणि दत्ताजी त्र्यंबक यांच्याकडे ते काम होते. ज्या अरबी धातूतून ‘वाकिआ’ निघतो त्याचा अर्थ पडणे, कोसळणे. घटना म्हणजे वरून येऊन पडते ती. (‘वाकब’ आणि ‘वाकबगार’ दिसायला याचे भाऊबंद, पण त्यांचे मूळ ‘वाकिफ’, धातू निराळा.) तसाच ‘जासूद’. अरबी ‘जासूस’ म्हणजे चाचपून पाहणारा, हेर; मराठीत मात्र जासूद हा प्रामुख्याने पत्रे घेऊन धावणारा झाला. हेराचा टपालवाला होणे हा अर्थाचा बराच सभ्य प्रवास म्हटला पाहिजे. पेशवाईत नाना फडणविसांचे बातमीचे जाळे प्रसिद्धच होते, आणि निजामाच्या दरबारी असलेल्या गोविंदराव काळ्यांसारख्या वकिलांची पत्रे म्हणजे उत्तम वार्तापत्रेच आहेत. फक्त वाचक एक-दोन.

‘बखर’ ही ‘खबर’चीच अक्षरे उलटून झाली, असे बरेच जण मानतात. पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘ब-खैर’ या शुभवाचक फारसी शब्दाकडेही काहींनी बोट दाखवले आहे. मला पहिली व्युत्पत्ती पटते, कारण वर्णांची अशी अदलाबदल बोलीत नित्य होते. शिवाय बखरी बहुतेक कोणा थोराच्या आज्ञेवरून लिहिलेल्या असतात; तीही वर पाठवलेली खबरच.

आता एकोणिसावे शतक. १ जुलै १८२२ रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत गुजराती पत्र काढले, त्याच्या नावात ‘समाचार’ आला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. १८४० मध्ये ‘मुंबई अखबार’ नावाचे मराठी पत्र निघाले. बादशहाच्या टिपणांचे नाव आता मुंबईच्या वाचकाच्या हातात आले. मराठीत या वस्तूला सर्वसाधारण नाव मिळाले ते ‘वर्तमानपत्र’. हा शब्द पत्रव्यवहारातूनच उचललेला दिसतो. पेशवेकालीन पत्रांत ‘इकडील वर्तमान’ लिहिण्याची रीत होती, आणि ज्यात वर्तमान असते ते पत्र. पुढे ‘वृत्तपत्र’ आले आणि सरकारी मराठीत तेच पक्के झाले. व्याकरणाने पाहता वर्तमान म्हणजे घडत असलेले आणि वृत्त म्हणजे घडून गेलेले. मला जुना शब्द अधिक आवडतो.

या शब्दातल्या ‘पत्र’ या भागाकडे आपले लक्ष कमी जाते. पत्र म्हणजे पान, मग चिठ्ठी, मग छापील अंक. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकाला चिठ्ठी हा अर्थ जागा होता. संपादकाला तेव्हा ‘पत्रकर्ते’ म्हणत; ‘काळ’ पत्राच्या शिवरामपंत परांजप्यांना ‘काळकर्ते’ हे बिरुद त्याच रीतीने चिकटले. वाचकही ‘अमुककर्ते यांस, वि. वि.’ असा नेहमीचा मायना घालून लिही, घरच्या पत्रात घालतो तसा. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त समाजाला खडसावणारे जे लेखन केले तेही पत्रांच्या रूपानेच, आणि ‘शतपत्रे’ या नावानेच ते आज ओळखले जाते. येथे बातमीची वाट बदलली. आता ती दोन्ही बाजूंनी चालू लागली.

पैशाचा शब्दही याला साजेसा होता. अंकाची किंमत भरणाऱ्याला ‘वर्गणीदार’ म्हणत. वर्गणी म्हणजे सामाईक कामासाठी प्रत्येकाने उचललेला वाटा; गणपतीची असते तीच. वर्गणीदार अंक विकत घेत नाही, तो अंक निघावा म्हणून हिस्सा देतो. पुढे त्याच्या जागी ‘ग्राहक’ आला. या शब्दातही मुळात वाईट काही नाही, ‘गुणग्राहक’मधला तोच तो, पण त्याचेच घासून झालेले रूप ‘गिऱ्हाईक’ आहे, आणि वर्गणीदाराला जो हक्क वाटत होता तो गिऱ्हाइकाला वाटत नाही. शेजारीच ‘जाहिरात’ वाढत गेली. अरबी ‘जाहिर’ म्हणजे उघड; जे गुपित नाही ते. बातमीचे मूळ गुप्ततेत आणि जाहिरातीचे उघडेपणात, हे दोघांच्या आजच्या स्थानांकडे पाहून सहज ओळखू येत नाही.

सरकारने मात्र जुनी वाट सोडली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार होऊन वरिष्ठांकडे जात असत. लोकांसाठी छापलेली बातमी पुन्हा अखबारात होऊन वर चालली. इतिहासकारांना ते सारांश आज फार उपयोगी पडतात.

ज्यांच्यासाठी हे सारे छापायचे त्यांना काय म्हणायचे, हाही प्रश्नच होता. दरबारी शब्द ‘रयत’. अरबीत मूळ ‘रइय्यत’, धातूचा अर्थ चारणे, राखणे. रयत म्हणजे राखलेला कळप. राखणाऱ्याचे कर्तव्य या शब्दात आहे, कळपाचे मत नाही. ‘लोक’ हा शब्द मराठीत विचित्र वागतो. तो सर्वांना कवेत घेतो आणि परकाही होतो. ‘लोकाचं पोर’ म्हणजे आपले नसलेले. ‘सार्वजनिक’ची कथा जास्त सुंदर आहे. पाणिनीय परंपरेत हा शब्द ‘त्याला हितकारक’ या अर्थाच्या प्रत्ययांत येतो. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचे असे नव्हे, सर्व जनांना हिताचे. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा हा अर्थ संस्थापकांच्या मनात असावा असे मानायला जागा आहे.

मराठी पत्रांच्या नावांतून हा शोध स्पष्ट दिसतो. पहिल्या पिढीची नावे बहुतेक उजेडाची आहेत. प्रभाकर (१८४१), ज्ञानोदय (१८४२), ज्ञानप्रकाश (१८४९), इंदुप्रकाश (१८६२). उजेड पत्राचा, म्हणजे अंधार वाचकाचा, असा त्यांत न बोललेला भाग आहे. ‘दर्पण’ त्यांच्याही आधीचे आणि त्यांच्याहून धीट. आरसा आपला उजेड देत नाही, समोरच्याचे रूप देतो. (त्याचा धातू ‘दृप्’, गर्व होणे, दर्पण म्हणजे दर्प उत्पन्न करणारे. जांभेकरांचा हेतू अर्थातच याच्या उलट होता.) मग १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ येतो, आणि नावात वाचकाशी नाते येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या पत्रांची नावे ओळीने वाचली तर ती एका जनसमूहाचे चरित्रच होतात. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६). ज्याला वाचा नाही, ज्याला बाहेर ठेवले आहे, जो समूह झाला आहे, जो जागा झाला आहे. ‘जनता’मधला ‘ता’ मानवता, सुंदरता यांसारखा भाव दाखवणारा नव्हे. पाणिनीने तो समूहासाठी सांगितला आहे. विखुरलेल्या जनांचा एक गट, तो जनता. रयतेपासून येथपर्यंत येताना बातमीचा धनी बदलला. तो कोण, हे या चार नावांइतके नेमके मराठीत दुसरीकडे कोठे लिहिलेले मला माहीत नाही.

‘संपादक’ शब्दाकडेही एकदा पाहायला हवे. संपादन म्हणजे मिळवणे, पदरात पाडणे. सरकार जमीन घेते तेव्हा ते ‘भूसंपादन’ असते, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतला संपादक त्याच शब्दातून आला. मजकूर मिळवून, जुळवून, तडीस नेणारा, असा अर्थ मुळात असावा. पण मराठीत या क्रियापदाचे सर्वांत रुळलेले कर्म जमीनही नाही आणि मजकूरही नाही. आपण ‘विश्वास संपादन’ करतो. विद्या संपादन करता येते, धन संपादन करता येते, पण विश्वासाला दुसरे क्रियापद इतके शोभत नाही. संपादकाने काय संपादावे याचे उत्तर भाषेने आधीच दिले आहे, आणि ज्या कचेऱ्यांत ते विसरले जाते तेथे मला खरोखर वाईट वाटते.

राहिला ‘समाचार’. सम् + आ + चर्; मुळात वागणे, आचरण. गुप्तहेराला संस्कृतात ‘चार’ म्हणतात, तोही याच ‘चर्’ धातूचा, म्हणजे येथेही हेर आणि बातमी सख्खी भावंडे. मराठीने या शब्दाशी जे केले ते गुजराती-हिंदीहून वेगळे आहे. आपल्याकडे छापील बातमीला समाचार कोणी म्हणत नाही. आजारी माणसाच्या किंवा दुःखातल्या घरच्या माणसांच्या ‘समाचाराला’ जातात. आणि चुकलेल्या माणसाचा ‘समाचार घेतात’. एकच शब्द, एकीकडे मायेची विचारपूस, दुसरीकडे खरडपट्टी. ‘खबर घेणे’ या वाक्प्रचाराचे नेमके असेच झाले आहे, तोही विचारपुशीकडून झाडाझडतीकडे गेला. दोन वेगळ्या भाषांतून आलेल्या शब्दांनी मराठीत येऊन तंतोतंत एकच वळण घ्यावे, हा योगायोग नसावा. संस्कृताच्या वळणावर फारसीचा शब्द गेला की फारसीच्या ‘खबर गिरिफ्तन’वरून समाचाराने वळण घेतले, हे ठरवायचे तर खरडपट्टीच्या अर्थाचे सर्वांत जुने उदाहरण कोणत्या शब्दाचे मिळते ते पाहावे लागेल. पेशवे दप्तरातल्या खाजगी पत्रांत ते सापडण्याचा संभव आहे. तशी पत्रे ज्यांच्या हाताखाली असतील त्यांनी हे दोन प्रयोग तारखेसह टिपून ठेवावेत.